एचपी झेड६२०: जुन्या वर्कस्टेशनचे प्रोसेसर बदलावेत की नवा संगणकच घ्यावा?

एचपी कंपनीने २०१२ साली बाजारात आणलेले झेड६२० हे वर्कस्टेशन, म्हणजे जड व्यावसायिक कामांसाठीचा संगणक, आज नवे मिळत नाही. परंतु मोठ्या कंपन्यांनी भाडेकराराची मुदत संपल्यावर काढून टाकलेली ही यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत जुन्या संगणकांच्या व्यापाऱ्यांकडे वर्षानुवर्षे विकली गेली, आणि लहान वास्तुरचना कार्यालयांत, ॲनिमेशनची किंवा छपाईपूर्व कामे घेणाऱ्यांकडे ती अजूनही टेबलाखाली निमूट चालताना दिसतात. अशा कार्यालयांची यंत्रे सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे ‘यात नवे प्रोसेसर घातले तर आणखी काही वर्षे निघतील का?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. एकाच कार्यालयातील दोन झेड६२० यंत्रांमध्ये मी दोन वेगळ्या प्रकारे प्रोसेसर बदलले आणि शेजारीच इंटेल कोअर आय५-१२४०० प्रोसेसरचा एक नवा संगणक उभा केला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे. माझे मत असे की, यातील एक प्रोसेसर बदलणे हा अल्प किमतीत पदरात पडणारा चांगला व्यवहार आहे. दुसरा प्रोसेसर जोडणे मात्र फार थोड्यांच्या हिताचे आहे.

आधी यंत्राविषयी. झेड६२० ची बांधणी आजच्या असेंबल्ड संगणकांना लाजवील अशी आहे. बाजूचे झाकण हाताने निघते, आतले सुटे होणारे भाग हिरव्या खुणांनी दाखवलेले आहेत, आणि ८०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) एकही वायर न सोडवता मुठीला धरून बाहेर ओढता येतो. दोन प्रोसेसर बसू शकणारे हे यंत्र असले, तरी मुख्य मदरबोर्डावर सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) एकच आहे. दुसरा प्रोसेसर एका स्वतंत्र रायझर कार्डावर बसतो आणि त्या कार्डाला त्याचे पंखे व मेमरीच्या चार खाचा असतात. मुख्य बोर्डावरील आठ आणि या चार अशा बारा खाचांत मिळून १९२ जीबीपर्यंत रॅम बसते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत हे रायझर कार्ड नसते, ही गोष्ट खर्चाचा हिशेब करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण ते कार्ड आज प्रोसेसरांपेक्षा महाग पडते.

प्रोसेसर विकत घेण्यापूर्वी बायोसमधील, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरमधील, एक तारीख पाहणे अत्यावश्यक आहे. ही यंत्रे इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेच्या पहिल्या पिढीसाठी तयार झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच सॉकेटची दुसरी पिढी, म्हणजे ज्यांच्या नावापुढे ‘व्ही२’ लागते ते प्रोसेसर आले. झेड६२० चे सगळेच मदरबोर्ड ही दुसरी पिढी स्वीकारत नाहीत. यंत्र सुरू होताना एफ१० दाबून बायोसच्या माहितीपानावर ‘बूट ब्लॉक’ची तारीख पाहावी: ती २०११ च्या डिसेंबरमधील असेल तर व्ही२ प्रोसेसर चालणार नाही, आणि २०१३ च्या मार्चमधील असेल तर चालेल. बायोसची नवी आवृत्ती टाकून ही तारीख बदलत नाही, कारण बूट ब्लॉक हा त्या चिपमधील नेहमीच्या अद्ययावतीकरणातून वगळलेला भाग आहे. जुन्या तारखेच्या बोर्डाला पहिल्या पिढीतीलच वरचा प्रोसेसर घ्यावा लागतो, आणि त्या स्थितीत पैसे घालू नयेत असेच मी सांगतो.

आता कोणता प्रोसेसर घ्यावा हा मुद्दा, आणि येथेच बहुतेकांची दिशाभूल होते. आमच्या दोन्ही यंत्रांत मूळचा ई५-२६२० हा सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर होता, ज्याचा मूळ वेग २.० गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग, जेमतेम २.५ गिगाहर्ट्झ आहे. जुन्या बाजारात आज सर्वांत सहज मिळणारा पर्याय म्हणजे ई५-२६८० व्ही२: दहा कोअर, २.८ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ३.६, उष्णतेची मर्यादा ११५ वॅट. त्याहून वरचा ई५-२६९७ व्ही२ बारा कोअरचा आहे, पण त्याचा मूळ वेग २.७ वर उतरतो. कोअरचा आकडा पाहून घेणारे या दोघांकडेच वळतात. माझ्या मते मात्र चित्रांकनाचे काम करणाऱ्याने ई५-२६६७ व्ही२ शोधावा. त्याला कोअर आठच आहेत, परंतु मूळ वेग ३.३ आणि टर्बो ४.० गिगाहर्ट्झ आहे, आणि ऑटोकॅड, रेव्हिट किंवा स्केचअप यांतील बहुतांश हालचाल एका कोअरच्या वेगावरच अवलंबून असते. मॉडेल फिरवताना, भिंत सरकवताना किंवा मोठी फाइल उघडताना बाकीचे कोअर जवळजवळ रिकामेच बसलेले टास्क मॅनेजरमध्ये स्पष्ट दिसतात. ई५-१६०० मालिकेतील प्रोसेसर या सॉकेटमध्ये बसतात व चांगले चालतात, पण ते जोडीने चालण्यासाठी बनलेलेच नाहीत. पुढेमागे दुसरा प्रोसेसर जोडण्याचा विचार असेल तर २६०० मालिकाच घ्यावी लागते, आणि दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे लागतात.

प्रोसेसर अर्थातच वापरलेला मिळतो, सर्व्हरमधून काढलेला. मला मिळालेले भाव दोन ते चार हजार रुपयांच्या दरम्यान होते आणि कोणत्याही एका दुकानाच्या भावावर विसंबून राहू नये इतके ते दुकानागणिक बदलत होते. झाकणावर कोरलेला कोड वाचून घ्यावा. ई५-२६८० व्ही२ वर ‘एसआर१ए६’ असे लिहिलेले असते. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे कोरलेला प्रोसेसर हा चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो. तो कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये, कारण अशा नमुन्यांना एचपीचा बायोस दाद देईल याची कसलीच खात्री नसते.

बसवण्याचे काम अवघड नाही, मात्र ते सावकाश करावे. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात. २०११ पिनांपैकी एखादी वाकली तरी यंत्र सुरू होते आणि मेमरीची एखादी वाहिनी मात्र गायब झालेली आढळते. अशा वेळी लोक रॅम बदलत बसतात आणि दोष सॉकेटमध्ये राहतो. प्रोसेसर बदलण्यापूर्वी बायोसची शेवटची उपलब्ध आवृत्ती टाकून घ्यावी. वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसावी, आणि दहा-बारा वर्षांची धूळ हीटसिंकच्या पात्यांमधून ब्लोअरने काढावी. खरे सांगायचे तर काही यंत्रांच्या बाबतीत निम्मा फायदा या सफाईनेच होतो, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि मालक त्याला ‘संगणक म्हातारा झाला’ असे म्हणत राहतो.

पहिल्या यंत्रात एकच ई५-२६६७ व्ही२ घातला. कामातील फरक पहिल्याच दिवशी, आकडे न पाहता जाणवतो. २.५ वरून ४.० गिगाहर्ट्झवर जाणे म्हणजे एका कोअरचा वेग सुमारे दीडपटीच्या वर जाणे. नव्या पिढीचा थोडा लाभ त्यात आणखी मिसळतो. पूर्वी फाइल जतन होत असताना जी माणसे खुर्ची मागे घेऊन बसत, ती आता तशी बसत नाहीत. काही हजार रुपयांत आणि एका दुपारच्या कामात झालेल्या सुधारणेकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल. ८ जीबीच्या जुन्या रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या, चुका दुरुस्त करणाऱ्या) पट्ट्या स्वस्तात मिळत असल्यामुळे त्याच वेळी ६४ जीबी रॅमही करून घेता आली. रजिस्टर्ड आणि साध्या पट्ट्या मात्र एकत्र चालत नाहीत.

दुसऱ्या यंत्रात रायझर कार्डासह ई५-२६८० व्ही२ ची जोडी बसवली. कागदावर हिशेब मोहक आहे: सहा कोअर गुणिले दोन गिगाहर्ट्झ म्हणजे बारा, आणि वीस कोअर गुणिले २.८ म्हणजे छप्पन्न. साडेचार पटीहून जास्त. ब्लेंडरमध्ये किंवा व्ही-रे मध्ये प्रोसेसरवर रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करणे) लावले की हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरतो. चित्राचे चाळीस चौकोन एकदम भरताना पाहणे सुखावहही असते. परंतु रेंडर संपले आणि माणूस पुन्हा चित्र काढायला बसला की हे वीस कोअरचे यंत्र शेजारच्या आठ कोअरच्या यंत्रापेक्षा किंचित जडच वाटते, कारण एका कोअरचा वेग येथे ३.६ वर थांबतो. शिवाय मेमरी दोन प्रोसेसरांत विभागलेली असते. एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या ताब्यातील मेमरी हवी असेल तर ती दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून आणावी लागते, आणि अशी कामे न ओळखणाऱ्या प्रोग्रामांना त्याचा तोटा होतो. आणखी एक बारीक पण महत्त्वाची अट: विंडोजची होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते, दोन वापरायचे तर प्रो आवृत्ती लागते. रायझर बसवून, पैसे खर्चून, दुसरा प्रोसेसर दिसतच नाही म्हणून आलेली तक्रार मी याच कारणाने मिटवलेली आहे.

विजेचा हिशेब अनेकजण करत नाहीत, तो करावा. या जोडीची उष्णतेची मर्यादाच २३० वॅट आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड, बारा पट्ट्या आणि पंखे यांची भर पडते. काही न करता बसलेले असतानाही हे यंत्र आजच्या साध्या संगणकाच्या कितीतरी पट वीज घेते. सरासरी फरक १०० वॅट धरला, दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर ३०० युनिट होतात; युनिटला दहा रुपये दराने वर्षाचे तीन हजार. व्यावसायिक जोडणीचा दर याहून जास्त असतो. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या प्रोसेसरांची किंमत वीज कंपनी दरवर्षी पुन्हा वसूल करते. त्याखेरीज यूपीएसचा प्रश्न आहे. घराघरांत असणारा ६०० व्हीएचा यूपीएस रेंडर चालू असलेल्या या यंत्राचा भार पेलत नाही, आणि वीज गेल्यावर तो शिट्टी वाजवून यंत्रासह बंद पडतो. किमान एक केव्हीएचा, शक्यतो त्याहून मोठा यूपीएस लागतो. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत हे यंत्र शेजारी घेऊन बसणे कसे असते, हे विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रोसेसर बदलल्याने जे सुटत नाही ते अधिक गंभीर आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव सुरक्षा मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम (सुरक्षेची चिप) २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि झेड६२० मध्ये टीपीएम १.२ आहे. आडमार्गाने विंडोज ११ यावर बसते आणि चालतेही, परंतु अशा यंत्राला पुढील अद्ययावतीकरणे मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कार्यालयात ग्राहकांचे नकाशे आणि हिशेब आहेत तेथे ही जोखीम मी स्वतःहून सुचवत नाही. लिनक्स मात्र यावर उत्तम चालते, आणि केवळ रेंडरसाठी ठेवलेल्या यंत्राला तोच योग्य मार्ग आहे. दुसरी उणीव एव्हीएक्स२ या, प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनासंचाची. तो इंटेलने हॅसवेल पिढीपासून दिला, म्हणजे या प्रोसेसरांच्या लगेच पुढच्या पिढीपासून, आणि अडोबीच्या प्रीमियर प्रोसारखे प्रोग्राम आता त्याची अपेक्षा धरतात. या झिऑनमध्ये अंगभूत ग्राफिक्सही नसल्यामुळे व्हिडिओ उलगडण्याचा भार ग्राफिक्स कार्डाने घेतला नाही तर तो थेट कोअरवर पडतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने म्हणूनच या यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

डिस्कच्या बाबतीत परिस्थिती मधली आहे. साटा एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टवर लावली की यंत्र तरतरीत होते, आणि ज्यांच्याकडे अजून फिरती हार्ड डिस्क आहे त्यांनी प्रोसेसरचा विचारच आधी बाजूला ठेवून हा खर्च करावा. एनव्हीएमई डिस्क (साटापेक्षा बरीच वेगवान एसएसडी) पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर बसवता येते आणि माहिती साठवायला ती वेगाने चालते, पण हा बायोस तिच्यावरून थेट विंडोज सुरू करत नाही. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच: पीसीआय एक्स्प्रेस ३.० ची पूर्ण खाच असल्यामुळे मध्यम नवे कार्ड सुखाने चालते, आणि ब्लेंडरचे रेंडर त्या कार्डावर हलवता येत असेल तर दुसऱ्या प्रोसेसरची गरजच उरत नाही. रायझर आणि जोडीचा प्रोसेसर यांचे पैसे कार्डात घालणे, हे मी अलीकडे बहुतेकांना सुचवतो.

आता नव्या संगणकाकडे. आम्ही उभा केलेला संगणक कोअर आय५-१२४०० चा आहे: सहा कोअर, टर्बोमध्ये ४.४ गिगाहर्ट्झ, मूळ मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोमध्ये कमाल ११७. जानेवारी २०२२ मध्ये आलेला हा प्रोसेसर आज नवलाईचा राहिलेला नाही, आणि तरीही सार्वजनिक चाचण्यांच्या याद्यांत त्याचे एकूण गुण ई५-२६८० व्ही२ च्या जोडीच्या जवळपास बसतात. एका कोअरचे गुण तर सुमारे दुप्पट आहेत. वीस कोअरचे काम सहा कोअर, आणि तेही निम्म्या विजेत करतात, हे पाहिल्यावर जोडीचा मोह बराच ओसरतो. चित्रांकनात तर तुलनाच होत नाही. विंडोज ११ अधिकृतपणे चालते, एनव्हीएमईवरून यंत्र काही सेकंदांत सुरू होते, आणि खोली शांत राहते. पक्क्या बिलावर घेतल्यास नोंदणीकृत व्यावसायिकाला १८ टक्के जीएसटीची वजावट मिळते, संगणकावरील ४० टक्के घसाराही हिशेबात धरता येतो; सर्व्हरमधून काढलेल्या सुट्या प्रोसेसरचे बिल मात्र बहुधा कच्चेच मिळते. अशा संगणकाला मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, एसएसडी, कॅबिनेट धरून, ग्राफिक्स कार्डाशिवाय, चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात खर्च येत असे. ‘येत असे’ म्हणण्याचे कारण मेमरी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे इतके कडाडले की जुने अंदाजपत्रक हाताशी धरून दुकानात गेलेला माणूस गोंधळून परत येतो. ज्याला १२८ जीबी रॅम खरोखर लागते, म्हणजे मोठी पॉइंट क्लाउड (लेझर मोजणीतून आलेले असंख्य बिंदू) किंवा अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा, त्याच्यासाठी झेड६२० आणि तिच्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या आज दोन वर्षांपूर्वीपेक्षा अधिक आकर्षक झाल्या आहेत, हे मान्य करावे लागते.

या दोन टोकांमध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती फारशी बोलली जात नाही: जुनेच, पण एक-दोन पिढ्या पुढचे वर्कस्टेशन. २०१७ साली आलेले एचपीचेच झेड४ जी४ आता भाडेकराराबाहेर पडून जुन्या बाजारात येते. त्यात झिऑन डब्ल्यू मालिकेचा प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ आठ कोअरचा डब्ल्यू-२१४५, ३.७ आणि टर्बोमध्ये ४.५ गिगाहर्ट्झचा, मेमरी डीडीआर४, बोर्डावरच एनव्हीएमईच्या दोन खाचा, टीपीएम २.०, आणि झिऑन डब्ल्यू मालिका मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत आहे. एव्हीएक्स२ ची अडचण येथे नाही. झेड६२० मध्ये रायझर, जोडीचे प्रोसेसर, मोठा यूपीएस आणि ग्राफिक्स कार्ड अशी बेरीज करत गेल्यावर जो आकडा होतो, तो पाहून मी एका कार्यालयाला दुसऱ्या प्रोसेसरचा बेत सोडून याच यंत्राकडे वळवले.

घरात किंवा कार्यालयात आधीपासून असलेल्या, मार्च २०१३ च्या बूट ब्लॉकच्या झेड६२० मध्ये एक ई५-२६६७ व्ही२ घालावा आणि त्यावर पाच हजारांहून जास्त खर्च करू नये. रेंडर हाच रोजचा धंदा असेल आणि रायझर कार्ड यंत्रासोबत आलेलेच असेल तरच जोडी करावी. केवळ प्रोसेसर बदलण्याच्या हौसेने बाजारातून आणखी एक झेड६२० विकत आणू नये. झेड४ जी४ घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला यंत्र सुरू करून बायोस उघडून दाखवायला सांगावे. कंपन्यांतून आलेल्या यंत्रांवर कधीकधी जुन्या मालकाचा बायोस पासवर्ड तसाच राहिलेला असतो, आणि तो विक्रीनंतर काढून देण्याचे आश्वासन ज्या दुकानदाराने दिले त्याच्याकडे नंतर हेलपाटेच घालावे लागतात.